पिशवी बदलताना

मामाजी गेले त्याला महिना होत आला. चार दिवस गावी धाकट्या लेकाकडे गेले होते. सकाळी मी दूध तापवत होते, तेवढ्यात दिरांचा फोन... "वहिनी, बाबा झोपेतच गेले." दूध उतू गेलं तरी मला गॅस बंद करायचं सुचलं नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. कळमन्याच्या बाजारात जन्मभर संत्र्याची अडत केली. लिलावात त्यांचा आवाज गेटपर्यंत जायचा म्हणे. माझ्यासमोर मात्र मान वर केली नाही. पाणी हवं असलं तरी "पाणी आहे का घरात?" असं भिंतीला विचारायचे!

काही वर्षांपूर्वी एक दिवस मनीषनगरच्या आमच्या घरात आम्ही दोघंच होतो, माझा नवरा पुण्याला. मामाजी सकाळपासून ओकत होते, पोट फुगलेलं. "काही नाही, गॅस झाला," एवढंच म्हणत. मी ओढतच दवाखान्यात नेलं. आणखी कुठे दुखतं, असं डॉक्टरांनी विचारलं. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "पोटातच." आणि हात तर जांघेवरून हटत नव्हता! माझं टाळकंच सरकलं. "मी बाहेर जाते, आता तरी सांगा," म्हटलं आणि दार लोटून निघाले. मग कळलं, जांघेत कित्येक वर्षांचा हर्निया होता. रोज हातानं आत ढकलायचा, वरून लंगोट आवळायचा आणि बाजारात जायचं. आता त्यात आतडं अडकलं होतं.

ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढली, अंग सैल पडलं आणि अडकलेलं आतडं आपोआप पोटात सरकलं. सर्जनांनी बाहेर येऊन हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं, सुटलो बाई! पण ते म्हणाले, "नाही ताई. ते आतडं जिवंत आहे की मेलं, हे पाहिल्याशिवाय टाके घालता येत नाहीत. पोट उघडावं लागेल." मी सही केली. आतड्याचा तुकडा काळा पडला होता. तो काढला. लगेच जोडण्यासारखी स्थिती नव्हती, म्हणून आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावली, काही महिन्यांपुरती. जीव वाचला.

पण पिशवी बदलणार कोण? नवरा पुण्याहून आला, पण त्याला तर बघूनच गरगरायचं. मामाजींनी मग जेवणच सोडलं, म्हणजे पिशवी भरायलाच नको! वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर जोडायचं ऑपरेशन विसरा. मी कोमट पाणी घेऊन सरळ खोलीत शिरले. "मामाजी, लाज वाटत असेल तर डोळे मिटा. पिशवी मीच बदलणार." त्यांनी डोळे मिटले, कडांतून पाणी आलं... मलाही आलं. थोड्या वेळानं तसेच डोळे मिटून म्हणाले, "सूनबाई, मृग बहाराचं संत्रं आंबिया बहारापेक्षा गोड राहते." मी म्हटलं, "अस्सं?" झालं! तेव्हापासून माझे हात पिशवीवर आणि त्यांची जीभ बाजारात. एक दिवस चक्क डोळे उघडे ठेवून म्हणाले, "जरा हळू वं, थंड लागते." मला हसूच फुटलं. त्या रात्री भाकरीही मागून घेतली.

पुढे आतडं जोडलं. मामाजी पुन्हा कळमन्याला जाऊ लागले आणि चहाच्या टपरीवर, सगळ्यांसमोर, एकेकाला गाठून विचारू लागले, "काहून गा, जांघेत गाठ तं नाही ना? असली तं दाखव. मी लपवली अन् वरच चाललो होतो."

गेल्या आठवड्यात प्रताप नगरातून एका मुलीचा फोन आला. तिचे वडील मामाजींच्या सोबतीनं अडत करायचे. त्यांना तशीच पिशवी लागली होती. कुणाला हात लावू देत नव्हते, जेवत नव्हते. मी गेले. काका भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी कोणाची सून ते सांगितलं. तसेच भिंतीकडे पाहत ते म्हणाले,

"तो सांगे, माही सून पिशवी बदलून देते. आमाले वाटे, म्हातारा थापा मारून राहिला."

"खरं होतं, काका."

त्यांनी कूस बदलली, शर्ट वर केला आणि दारात उभ्या लेकीला हाक मारली, "ये वं इकडे. हे कसं करते, पाहून घे. अन् मंग भात लाव."