संडासाखाली काय आहे?

"सगळं ठीक आहे. पण संडासाखाली काय आहे, ते याला कळतं का?"

एवढं विचारून मोठे साहेब चष्मा काढायचे, रुमालाने सावकाश पुसायचे आणि समोरच्याचा चेहरा पडेपर्यंत तो पुन्हा डोळ्यांवर चढवायचे नाहीत. समोरचा म्हणजे सॉफ्टवेअर विकायला आलेला कुणीतरी. गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप, तोंडात "सर, क्लाउडवर सगळं रिअल टाइम दिसतं". चहा प्रश्नानंतर मिळायचा, आणि उत्तर आलं नाही तर तोही अर्धा कप.

आमची बांधकाम कंपनी मोठ्या साहेबांनी काढलेली. मी अमरावतीहून येऊन तिथे एस्टिमेटच्या टेबलावर बसलो, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि कारभार धाकट्या साहेबांकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे गेला होता. पण मोठे साहेब साडेदहाला हजर. येऊन करायचं काय, हा प्रश्न त्यांना पडत नसे, आम्हाला पडायचा. साइटवर जाऊन गवंड्यांशी वाद घालायचे, ड्रॉइंगवर लाल पेन्सिल चालवायचे. शेवटी धाकट्या साहेबांनी युक्ती काढली.

"बाबा, एस्टिमेट आणि कामाचं नियोजन यासाठी एक क्लाउड सॉफ्टवेअर घ्यायचंय. निवड तुम्ही करा. तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

मोठे साहेब खूश झाले. त्यांनी ड्रॉइंगचा मोठा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि वर लिहिलं, 'तुलनात्मक तक्ता'. शेवटचा रकाना 'शेरा'. कागद गुंडाळून ड्रॉइंगच्या नळकांड्यात ठेवायचा, प्रत्येक डेमोला काढायचा. क्लाउड सॉफ्टवेअरची निवड पेन्सिलने करणारा पुण्यातला तो एकमेव माणूस असावा.

आता त्या प्रश्नाबद्दल सांगायला हवं. इमारतीत संडास-न्हाणीघराचा स्लॅब बाकी खोल्यांपेक्षा फूटभर खाली घेतात. त्या खड्ड्यातून पाइप टाकतात आणि वरून विटांचे तुकडे नि सिमेंट भरून तो सपाट करतात. नकाशात दिसते ती फक्त वरची फरशी. तरुणपणी खडकीला क्वार्टर्स बांधताना मोठे साहेब हा भराव यादीत धरायलाच विसरले होते. मग तो घाईघाईत, मिळेल त्या मालाने उरकला.

"खालच्या मजल्यावरच्या बाई संडासला छत्री घेऊन जायच्या हो," ते प्रत्येक डेमोत सांगायचे. "मला बघितलं की छत्री उघडून दाखवायच्या. तुम्ही स्वतः कधी घर बांधलंय?"

"नाही सर, मी रेंटवर राहतो."

"मग खालच्यांना विचारून या."

पहिल्याच डेमोवाल्याने केबिनमध्ये बसून त्यांच्यासाठी कंपनीच्या नावाने खातं उघडून दिलं, सगळं फिरून दाखवलं. साहेबांनी प्रश्न टाकला, तो बिचारा गडबडला, तक्त्यात शेरा पडला, 'नाही'. आठवड्याने धाकट्या साहेबांनी त्याच माणसाला फोन केला आणि तेच सॉफ्टवेअर गुपचूप विकत घेतलं. मग आम्हाला बोलावून म्हणाले, "बाबांना सांगायचं नाही. त्यांना निवडू दे. बिझी राहतील."

आणि मोठे साहेब दोन वर्षं निवडत राहिले. बाणेरहून माणसं आली, बंगळुरूहून व्हिडिओवर आली. एकाने तर इमारत पडद्यावर गरागरा फिरवून दाखवली. साहेब म्हणाले, "छान फिरते. आता जरा संडासापाशी थांबवा."

इकडे आम्ही घेतलेल्या सॉफ्टवेअरवर कामं करत होतो. साहेब केबिनबाहेर पडले की रिसेप्शनच्या बाई खोकायच्या. तो इशारा. मग आम्ही सगळे पडद्यावर जुनी एक्सेल शीट आणायचो आणि ज्याला जमत नसे तो वेळ काढायला आणखी मोठ्याने खोकायचा. साहेब हॉलच्या मधोमध थांबून म्हणायचे, "साथ आहे वाटतं." एक दिवस त्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर ज्येष्ठमधाची पुडी ठेवली. "घशाला बरं असतं. रोज खोकावं लागतं तुम्हाला."

आम्ही पोट धरून हसलो होतो. मी सगळ्यात जास्त. दुपारी चार ते पाच केबिनचं दार बंद असायचं, त्याला आम्ही 'निवड समितीची वामकुक्षी' म्हणायचो. ते मुद्दाम लांबवतायत हे आम्हाला दिसत होतं. निवड संपली असती तर त्यांना ऑफिसला यायचं कारणच उरलं नसतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची खुर्ची त्या एका तक्त्यावर उभी होती आणि तो तक्ता खोटा आहे हे रिसेप्शनपासून सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही म्हणाल, कीव नाही आली? खरं सांगतो, नाही आली. गंमत वाटायची.

एकदा ते माझ्या टेबलाशी आले. खोकला उशिरा आला, मी घाईत शीट बदलली.

"समजा, असलं एखादं आपण घेतलंच असतं," ते म्हणाले, "तर संडासाखालचा भराव त्याने धरला असता का हो?"

मला माहीत होतं की आमचं सॉफ्टवेअर धरतं. कात्रजच्या इमारतीच्या यादीत भरावाची ओळ आली होती, नंतरच्या दोन्ही कामांतही. मी तरी कधी घातली नव्हती.

"हल्लीची आपोआप धरतात, साहेब."

"आपोआप?"

"आपोआप."

"वा. शास्त्र फारच पुढे गेलं." त्यांनी माझ्या पुड्यातलं एक बिस्किट उचललं आणि ते खात खात केबिनमध्ये गेले. चार वाजले होते.

श्रावणात मोठे साहेब गेले. आजारपण असं काही नाही, सकाळी उठलेच नाहीत. ऑफिसला एक दिवस सुट्टी झाली. रिसेप्शनच्या बाई पुढचे काही दिवस केबिनच्या दाराकडे बघून उगाच घसा साफ करायच्या.

त्यानंतरचं पहिलं एस्टिमेट वाघोलीच्या इमारतीचं. मालाची यादी थेट सॉफ्टवेअरमधून साइटवर गेली. कामाने वेग घेतला आणि एका सकाळी तिथल्या सुपरवायझरचा फोन आला.

"साहेब, संडासाच्या भरावाचा माल यादीत न्हाई. चारी मजल्याचं खड्डं तसंच उघडं हायत. फरशीवाली मान्सं बसून हायत इथं."

"नीट बघा, सॉफ्टवेअर आपोआप धरतं ते."

"तुमीच बघा की वो."

बघितलं. ओळ नव्हती. मी तावातावाने सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, सॉफ्टवेअर ड्रॉइंगमध्ये असेल तेवढंच घेतं. आधीच्या प्रोजेक्ट्समध्ये ती लाइन कोणीतरी हाताने टाकलीये. प्रत्येक वेळी."

"कोणी?"

"ट्रायल युजर वन. तुमचा पहिला डेमो झाला तेव्हाचा आयडी आहे, सर. नंतर कोणी बंद केला नाही. अजून बरीच करेक्शन्स आहेत त्याची. जिन्याची लांबी, डक्टची भोकं... सगळी दुपारी चार ते पाचच्या मध्ये."

मी फोन ठेवला आणि केबिनमध्ये गेलो. नळकांडं कपाटामागे होतं. तक्ता टेबलावर उलगडला, चार कोपऱ्यांवर त्यांचीच पुस्तकं ठेवली. खालच्या सगळ्या ओळींपुढे 'नाही', 'नाही', 'नाही'. पहिल्या ओळीतलं, म्हणजे आम्ही चोरून घेतलेल्या सॉफ्टवेअरपुढचं 'नाही' मात्र खोडलेलं होतं. त्याच्या बाजूला बारीक पेन्सिलीत नवा शेरा होता.

'चालेल. मात्र सोबत एक माणूस ठेवावा लागेल.'

मी धाकट्या साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी वाचलं, परत वाचलं, मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मग ठेवू ना एखादा माणूस. जाहिरात देऊन टाक."

मला फार लाज वाटली. माझ्या ड्रॉवरमध्ये ज्येष्ठमधाची ती पुडी अजून तशीच पडली होती. माणूस होता की आमच्याकडे. तो आला की आम्ही खोकत होतो.