तेराव्या बरणीचा गूळ

उचगावच्या आकाराम पोवाराला मी तराजूपुढं बसलेला पाहिलाय. काटा हलू नये म्हणून तो श्वास धरायचा. शाळा चौथीपर्यंतच, पण त्यानं लिहिलेला आकडा परचुरे सरांनी कधी खोडला नाही.

सर कोल्हापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. पावसाळ्यात गूळ का पाघळतो, हे शोधायचं काम मुंबई सरकारनं त्यांच्याकडं दिलं होतं. साल बावन्नचं. खर्च आधी कॉलेजनं करायचा, मागनं सरकार भरून देणार, असा ठराव. आकारामचा पगारही त्याच खर्चात.

त्या हिवाळ्यात आकाराम सायकलवरनं छत्तीस गुऱ्हाळं फिरला. प्रत्येक ठिकाणचा ताजा गूळ शेरभर घेऊन बरणीत भरला, वर आकडा चिकटवला. पावसाळ्यात बरण्यांच्या तोंडाला फडकी बांधून त्या खिडकीपाशी मांडल्या, आणि तो रोज सकाळी एकेक बरणी तोलू लागला. आषाढात गुळाला घाम फुटला. श्रावणात पस्तीस बरण्यांच्या तळाशी काळं पाणी साचलं. तेरावी मात्र कोरडी. ती रुकडीच्या बाबासो मगदुमांच्या गुऱ्हाळाची.

"सर, ह्यो दगूड हाय, गूळ न्हवं."

सर हसले नाहीत. "एका पावसाळ्यानं काही ठरत नाही, आकाराम. पुढच्या पावसाळ्यातही कोरडा राहिला, तर मगदुमांची माती, ऊस, चुना, सगळं तपासू."

तेव्हापासून आकाराम पुढच्या पावसाळ्याकडं डोळे लावून बसला.

खर्चाचे कागद मुंबईला गेले, तसेच परत आले. बरण्यांची पावती होती, कोळशाची होती, पगाराची सही होती. छत्तीस शेर गुळाची पावती नव्हती. गूळ फुकट मिळाला, असं सरांनी कळवलं. उत्तर आलं, फुकट नमुन्याची नियमात सोय नाही. पावतीशिवाय बाकीचाही खर्च मिळणार नाही. कॉलेजच्या चिटणीसांनी बजावलं, सरकारी पैसा आला नाही तर मार्चअखेर काम बंद.

आकाराम रुकडीला गेला. चुलाणावर उसाच्या रसाची काहील उकळत होती.

"या पावणं! आरं, ह्यास्नी आधी रस द्या," बाबासो ओरडले.

आकारामनं कागद पुढं केला. "आण्णा, एवढी सही करा. शेरभर गुळाचं पैसं मिळालं म्हणून."

"कवा दिलंतासा?"

"दिलं न्हाईत. नुसतं लिवायचं."

बाबासोंनी हात पुसले. "गुऱ्हाळावर आलेल्या माणसाकडनं मी गुळाचं पैसं घेतलं, असं माझ्या हातानं लिवून देऊ? रुकडीत कुणी वाचलं तर माझ्या गुऱ्हाळाला कुत्रंबी फिरकायचं न्हाय."

"मुंबईत वाचत्यात, आण्णा. रुकडीत कोण वाचतंय?"

"मी वाचलं की आत्ताच!"

आकारामच्या अंगाचा तिळपापड झाला. पण परतताना त्याला आपला बाप आठवला. त्यानंही सही केली नसती. बाकीच्या पस्तीस ठिकाणी आकाराम गेलाच नाही.

मार्चअखेर काम बंद झालं. जूनमध्ये सरकारचं शेवटचं पत्र आलं. फक्त बरण्यांचे पैसे मंजूर. म्हणून बरण्या सरकारच्या, त्या रिकाम्या करून, धुऊन पाठवाव्यात.

सरांनी निरोप धाडला, आकाराम बिनपगारी आला. दिवसभर कढत पाणी ओतून त्यानं पस्तीस बरण्या धुतल्या. मोरीला मुंग्यांची रांग लागली. तेरावी शेवटी घेतली. ढेकूळ निघता निघेना.

"ह्येचं काय करू, सर?"

"ने घरी. आता कुणाला हवाय तो?"

आकारामनं ढेकूळ घरच्या कोनाड्यात उघडं ठेवलं. वजनाच्या वहीतली कोरी पानं मागून आणली होती. पूर्ण आषाढ, पूर्ण श्रावण तो रोज सकाळी गुळाला बोट लावायचा आणि तारखेपुढं लिहायचा, कोरडा.

भाद्रपदात ती पानं घेऊन तो कॉलेजात गेला. सरांनी सगळी चाळली, चष्मा काढला.

"पण वजनं कुठायत, आकाराम? वजनाशिवाय हे कोण मानणार?"

"तराजू तुमच्यापाशी हाय की, सर," आकाराम म्हणाला, आणि पानं तिथंच ठेवून निघाला.