पुढं नवरदेव, मागं वऱ्हाड

चाकणपासून दापोडीपर्यंतच्या पट्ट्यात दर दुसरा माणूस गाडीचा कुठला ना कुठला भाग बनवून पोट भरतो. या सगळ्या पट्ट्यात एकही गाडी पसंत न पडणारा इसम एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. मूळचे राजगुरुनगरकडचे, आणि गेली अठ्ठावीस वर्षं चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत तपासणी खात्यात. दुसऱ्यानं बनवलेला माल बघायचा, ठोकायचा, मोजायचा आणि त्याला चिठ्ठी बांधायची, हे त्यांचं काम. हिरवी चिठ्ठी म्हणजे पास, पिवळी म्हणजे थांबवून ठेवा, लाल म्हणजे बाद. या चिठ्ठ्या खिशात असल्याशिवाय दाजी घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. एका लग्नात त्यांनी जिलबीच्या परातीला पिवळी चिठ्ठी बांधली होती. तो आचारी अजून त्यांना ओळख देत नाही.

कंपनीत पहिला नग पास होऊन त्यावर सही झाल्याशिवाय पुढचा माल निघत नाही. तीच शिस्त घरात. पहिलं भजं पास झाल्याशिवाय दुसरा घाणा कढईत पडत नाही, आणि पास करायचं ते पाहुण्यानं, लेखी. दाजी खिशातून छापील कागद काढतात, पेनाचं टोपण उघडून देतात आणि म्हणतात, "खाल्लं न्हवं? मग करा सही." मी त्यांच्या घरी भज्यांसाठी सही केली आहे, पोह्यांसाठी केली आहे, एकदा तर पंखा नीट फिरतो म्हणूनही केली आहे. सुरुवातीला वाचून करायचो. पुढं पुढं कोण वाचत बसतो हो! चहा गार होतो.

तर अशा या माणसाला कंपनीनं काही वर्षांपूर्वी तीन आठवडे ऑस्ट्रेलियाला ट्रेनिंगला पाठवलं. बरोबरचे लोक चॉकलेटं घेऊन आले, दाजी वेड घेऊन आले. त्या वेडाचं नाव युट. पुढून बघाल तर ऐटबाज मोटार, मागून बघाल तर टेम्पोसारखा उघडा हौदा, आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन. तिथल्या कुणा शेतकऱ्यानं मागे दोन मेंढरं आणि गवताच्या पेंढ्या टाकून यांच्या बसला असं काही मागे टाकलं, की दाजींचा जीव तिथंच अडकला. "पोटातला चहा हालला, राव, असा आवाज!" ते सांगतात. "पुढं नवरदेव आन् मागं वऱ्हाड, एकाच गाडीत! आठवडाभर माल वाहा, रविवारी बायकोला घेऊन हिंडा. अजून काय पायजे माणसाला?" ती तुम्ही चालवली का, असं मी एकदा विचारलं. "चालवली न्हाई," ते म्हणाले, "हात लावून बघितला. पत्रा एकदम टाइट."

त्यानंतर युट आली नाही असं बोलणं झालं नाही. चाकणच्या चौकात आम्ही पाऊण तास एकाच कंटेनरच्या मागे उभे, आणि दाजी मला समजावताहेत की पापणी लवायच्या आत ती गाडी शंभरचा काटा कसा ओलांडते. मी म्हटलं, "दाजी, इथं पहिला गिअर पडला तरी मी पेढे वाटीन." त्यावर म्हणाले, "म्हणून तर म्हणतो. हौद्यात सतरंजी टाकली की झोपता येतं." घरात माणसं पाच आणि पुढं सीटं दोनच, हा मुद्दा त्यांच्यापुढे मांडून बघितला. "बाकीची मागं," ते हसले, "वऱ्हाड हाय ना!" अशा माणसाशी वाद घालून आपलंच डोकं दुखतं.

माझं चुकलं ते घर बदलताना. आम्ही दापोडीहून मोशीला राहायला चाललो होतो, सामान रस्त्यावर, आणि टेम्पोवाला फोन उचलेना. मदतीला आलेले दाजी कपाटाला टेकून उभे होते. वैतागून माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमची ती युट असती तर बरं झालं असतं." दाजींच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मलाच कसंतरी झालं. पुढच्या रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं, थालीपीठ वाढलं, कागद पुढं केला. मी सही केली. थालीपीठ खरंच छान होतं.

चार दिवसांनी गाडी जरा बघून देतो म्हणून ते माझी मोटार घेऊन गेले. माझी गाडी म्हणजे बारा वर्षं जुनी, लांब डिकीची, पण एका हाकेला सुरू होणारी. ती हप्ते फेडून घेतली तेव्हा बायकोनं तिला ओवाळलं होतं. शनिवारी दाजींचा फोन आला, "उद्या सकाळी दहाला या. छप्पर कापतोय." मी म्हटलं, "कुणाचं?" तर म्हणाले, "तुमचंच की! सही हाय तुमची. वाहनाच्या मागील भागात बदल, मालकाची मंजुरी." बायको शेजारीच होती. ती एवढंच म्हणाली, "गाडी अख्खी आली तर तुम्हीही या."

दापोडीला उस्मानभाईंचं पत्राकामाचं गॅरेज आहे. मी पोचलो तेव्हा माझ्या गाडीची मागची सीट भिंतीला टेकून ठेवलेली, आणि छपरावर या काठापासून त्या काठापर्यंत खडूची रेघ. उस्मानभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, मी कितींदा बोललो, कागदावर ही मोटार आहे, उद्या हौदा दिसला तर मलाच धरतील. ऐकतच नाहीत. तुम्ही बोला ना." मी बोलायलाच गेलो होतो. पण दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, कपाळाला गंध होतं, नारळसुद्धा आणला होता. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याच्या मालाला चिठ्ठ्या बांधणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतः काहीतरी बनवणार होता. बोलायचं सोडून मी नारळ फोडायला दगड शोधू लागलो.

नारळ फुटला. उस्मानभाईंनी ग्राइंडर सुरू केला. पातं पत्र्यापासून चार बोटांवर असताना दाजींनी हात वर केला. "थांबा. कापायच्या आधीची तपासणी राहिली." उस्मानभाईंनी सुटकेचा श्वास सोडला, मीही सोडला, पण लवकर सोडला. कारण दाजी बॅटरी घेऊन इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली शिरले. खालून ठोकल्याचे आवाज येत राहिले. मग ते आत बसले, छपराला खालून हात लावला, दाराच्या खांबांवरून बोटं फिरवली. वीसेक मिनिटांनी बाहेर आले तेव्हा गंध पुसलं गेलं होतं.

"सगळा भार छपरावर हाय," ते म्हणाले. "तिकडची गाडी पहिल्यापासून तशीच बनवत्यात, खालून तगडी. हिचं छप्पर काढलं तर ही मधी वाकंल."

उस्मानभाईंना त्यांचा चेहरा बघवेना. "दाजी, खाली अँगल टाकू," ते म्हणाले, "वेल्डिंग मारू. एवढं काय वाकत नाही."

दाजींनी उस्मानभाईंकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. त्यांचा हात डाव्या खिशाकडे गेला. तिथं हिरव्या चिठ्ठ्या असतात, मला ठाऊक होतं. हात तिथं थोडा वेळ थांबला, आणि मग उजव्या खिशात गेला. त्यांनी लाल चिठ्ठी काढली, बॉनेटवर टेकवून त्यावर लिहिलं, "बाद. कारण: आत माणसं बसणार आहेत." ती आरशाला बांधली आणि आपल्या रुमालानं छपरावरची रेघ पुसायला लागले.

काय सांगू, मला असं सुटल्यासारखं झालं की मी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. बायकोला फोन करून सांगितलं, "अख्खी आहे." उस्मानभाईंनी सीट बसवली. सगळे हसत होतो, दाजीसुद्धा. फक्त रेघ पुसून झाल्यावरही ते बराच वेळ पुसत होते.

दाजी पुढच्या वर्षी निवृत्त होतील. युटचं बोलणं थोडं कमी झालंय, थांबलेलं नाही. परवा कुरुळीजवळ माझी गाडी पंक्चर झाली. स्टेपनी काढायला डिकीतली चटई उचलली तर खाली एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली दिसली. गॅरेजातल्या त्या रविवारीच लावली असणार. अक्षर दाजींचं: "थांबवून ठेवणे. गाडी भंगारात काढायची वेळ आली तर आधी मला विचारणे, माणसं न बसवता एकदा युट करून बघीन." आणि खाली रिकामी जागा: मालकाची सही.

ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो, पेन काढलं आणि सही केली. या वेळी वाचून केली.