सुभेदारांची जादा वायर

सुभेदार कुलूप लावत आणि मग त्याला लोंबकळत. दोन्ही हातांनी कुलूप धरायचं, अंगाचं सगळं वजन त्यावर टाकायचं, कडी करकरली तरी पुन्हा एकदा. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा पहिल्याच सकाळी हा प्रकार पाहिला आणि हसू लपवायला पदर तोंडाशी धरला. पुढे सवय झाली. कडेगावजवळच्या त्या गावात माझ्या सासऱ्यांना सगळे सुभेदारच म्हणत. लष्करातून पेन्शनीवर येऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. मनात मीही सुभेदारच म्हणे, तोंडावर मामंजी.

त्यांचा संशय कुणा एकावर नसे, सगळ्यांवर सारखा असे. माझे यजमानही फौजेत. त्यांचं पत्र आलं की सुभेदार ते आधी उन्हाकडे धरत, डिंकाची कड नखानं तपासत आणि पोस्टमनला विचारत, "वाटंत कुणी उघडलं हुतं?" कणगीतली ज्वारी हातानं सपाट करून तिच्यावर बोटानं खूण काढून ठेवत. मी दळणाला ज्वारी काढली की खूण मोडे. ते मला जाब विचारत आणि नवी खूण काढत. सासूबाई एकदा चुलीपुढूनच ओरडल्या, "आवं, भाकरी खायाची असंल तर खूण मोडणारच की! का वाळू शिजवू?"

वस्तू कुठे ठेवली ते कुणाला सांगायचं नाही, हा आणखी एक नियम. मी एकदा अडकित्ता विचारला, तर म्हणाले, "सांगून ठिवायचं तर लपवायचं कशाला?"

त्यांची जीव की प्राण वस्तू म्हणजे मोटारसायकल. फौजेनं लिलावात काढलेली, जुनी, अवजड. पेन्शनीवर येताना त्यांनी ती घेतली होती. तिच्यावर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मला सातवा महिना लागला आणि माझा धाकटा भाऊ लोणंदहून मला बाळंतपणाला न्यायला आला. त्याचं सांगलीला हळदीच्या पेठेत दिवसभराचं काम होतं. सुनेच्या भावाला नाही कसं म्हणायचं, म्हणून सुभेदारांनी गाडी दिली. दिली खरी, पण तो परत येईपर्यंत ते जेवले नाहीत.

संध्याकाळी भाऊ आला तो कुरकुरतच. "मामा, गाडी खड्ड्यात गेली की बंद पडती. परत किक मारली की चालू."

सुभेदार वाकले. सीटखालून एक वायर लोंबत होती, टोक उघडं.

"हे काय लोंबतंय?"

"मला काय ठावं? मी पेट्रोल घातलं आन गाडी आणली."

"दिली तवा लोंबत न्हवतं."

"म्हंजी मी काय चोर हाय व्हय?"

"मी कुठं म्हटलं? तूच म्हणतूयास."

सासूबाई मधे पडल्या, पण उपयोग झाला नाही. ह्या वायरीवरचं काय काढून नेलंय ते कळेपर्यंत सून कुठे जायची नाही, असं सुभेदारांनी जाहीर केलं. भावानं पिशवी उचलली आणि तो एकटाच लोणंदला गेला. यजमान दूर, पोटात पहिलं मूल, आणि माहेरची वाट एका वायरीनं अडवलेली.

मला राग आला होता, पण रागाखाली दुसरंच काही होतं. हाच भाऊ सोळा वर्षांचा असताना त्यानं वडिलांच्या सायकलचा डायनामो काढून लोणंदच्या बाजारात विकला होता आणि आळ सायकलवाल्यावर घातला होता. तेव्हाही तो असाच लाल होऊन म्हणाला होता, "मी काय चोर हाय व्हय?"

सासऱ्यांपुढे सुनेनं बोलायचं नाही, अशी त्या घराची रीत. पण मोटारसायकलच्या टाकीखाली सुभेदारांचा पंजा जात नव्हता आणि माझा जात होता, त्यामुळे तीन दुपारी ती रीत बाजूला राहिली. मी पाटावर बसून टाकीखाली हात घाली. एकेकाळी रंगीत असलेल्या सगळ्या वायरी तेलामातीनं काळ्या झालेल्या. ते एक टोक हळूच ओढत, मी दुसरीकडे बोटांत धरून बसे.

"हललं?"

"नाही."

"नक्की?"

"नाही हललं, मामंजी."

"आता?"

"हललं."

वायर ओळखू आली की तिला ते माझ्या शिवणाच्या डब्यातला एकेक रंगाचा दोरा बांधत. दुसऱ्या दिवशी सगळ्या वायरींना दोरे बांधून झाले. उरली ती लोंबणारी. तिचं दुसरं टोक निघालं मॅग्नेटोला, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या भागाला. सुभेदार उठून उभे राहिले.

"हिचं उघडं टोक गाडीच्या लोखंडाला लागलं की ठिणगी मरती. गाडी बंद पाडायचीच वायर हाय ही. कंपनीची न्हवं, जादाची." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या भावानं काय काढलं न्हाई. घातलंय!"

सांगलीच्या एका फेरीत कुणी कशाला अशी वायर घालेल, हे मी विचारलं नाही. भावाचा नेम नाही, असं मलाच वाटत होतं.

तिसऱ्या दुपारी सीटखाली चाचपडताना हत्यारांच्या पेटीच्या मागच्या बाजूला माझ्या बोटांना एक बटण लागलं. त्यात तुटक्या वायरीचा बोटभर तुकडा अजून अडकलेला होता. आणि त्या तुकड्यावर मेणाच्या दोऱ्याचे चार वेढे आणि दुहेरी गाठ. असे वेढे गावात एकच माणूस घाली. माझ्या बादलीच्या कडीला होते, त्यांच्या चष्म्याच्या काडीलाही होते.

बोलावं तर सुनेनं सासऱ्याची चूक दाखवली असं व्हायचं. न बोलावं तर भाऊ चोर.

"मामंजी," मी म्हटलं, "ही पेटी काढा."

त्यांनी चार स्क्रू काढले, पेटी उलटी केली आणि त्या गाठीवरून अंगठा फिरवला. गाडी आणली त्याच आठवड्यात, कुणी पळवू नये म्हणून, त्यांनीच ते चोरबटण बसवलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे आठवण द्यायलाही कुणी नव्हतं. बारा-तेरा वर्षांनी सांगलीच्या रस्त्यावर हादरे बसून वायर तुटली, एवढंच.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "चोर घावला काय वो?"

"घावला," सुभेदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मोटारसायकल काढून लोणंदला गेले. सातारा ओलांडून एवढ्या लांब, त्या वयात. तिथं काय झालं ते भावानं मला सांगितलं. माझ्या वडिलांनी बसा म्हटलं, पाणी दिलं. अंगणात शेजारचे दोघे-तिघे बसलेले. सुभेदार उभेच राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "वायर माझीच हाय. बटण मीच बसवलं आन मीच इसरलो. पोराचा काय दोष न्हाई." मग बसून पाणी प्यायले. पिता पिता दोनदा उठून गाडीला कुणी हात लावत नाही ना, ते बघून आले.

येताना भाऊ मागच्या सीटवर होता. दोन दिवसांनी मी त्याच्याबरोबर माहेरी गेले.

माझी मुलगी चौथीत असताना सुभेदार गेले. भाऊ खांदा द्यायला आला होता. सुभेदारांचं अंगणातलं ते बोलणं तो अजून कुणाकुणाला सांगतो, आणि मी शेजारी बसून ऐकते. त्या तीन दुपारी टाकीखाली हात घालून मीही त्याचीच चोरी शोधत होते, हे मात्र मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.