एक ठिकाण राहिलंय

रविवारची सकाळ होती. मी कणीक मळत होते आणि पिठाच्या हातानेच फोन उचलला. "काकू, मम्मी गेली. हॉस्पिटलमधून आत्ताच फोन आला. पीसफुली गेली, दे सेड..." एवढं बोलून सुनील थांबला. रीडिंगला कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करणारा, एरवी तोंडाचा पट्टा सोडला की इंग्रजीत थांबवताही न थांबणारा हा मुलगा, त्या सकाळी मराठी शब्द शोधत होता आणि मलाही ते सापडत नव्हते. लीलावहिनी गेल्या. हिवाळा सरत आला होता, बागेत पहिली क्रोकसची फुलं वर आली होती. मी फोन ठेवला आणि परातीतल्या त्या अर्धवट कणकेवर ओलं फडकं टाकलं.

वहिनींची आणि माझी गाठ पडली तेव्हा मी पळून जायच्या तयारीत होते. ब्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात मी लग्न होऊन सांगलीहून थेट इथे आले. इथे म्हणजे कार्डिफपासून ट्रेनने तासाभरावरच्या एका लहानशा वेल्श गावात. श्रीकांत इथल्या हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर. तो एक दिवसाआड चोवीस तास ड्यूटीवर, आणि मी क्वार्टर्समध्ये हीटरला गुडघे टेकवून बसलेली. दुपारी चारला काळोख. खिडकीतून दिसायची हॉस्पिटलची लाँड्री आणि तिच्यातून निघणारी वाफ. महिना व्हायच्या आत मी ठरवलं की झालं एवढं पुरे, आपण परत जायचं. लग्न मोडलं तर मोडलं, आई-बाबा काय म्हणायचं ते म्हणोत. बॅग काढून मी साड्या भरायलाही लागले. श्रीकांत बिचारा घाबरला आणि त्याने गावातल्या एकुलत्या एका मराठी घरी फोन केला. डॉक्टर गोडबोले म्हणजे गावाचे जीपी, फॅमिली डॉक्टर, आणि लीलावहिनी त्यांच्या पत्नी.

त्या समजूत घालायला येणार हे मला ठाऊक होतं. मी चोख उत्तरं तयार ठेवली होती. दारात एक बुटकी, गोरटेली बाई उभी राहिली. पाचवारी साडी, तिच्यावर डॉक्टरांचा जुना कोट आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. माझ्या उघड्या बॅगेकडे बघून म्हणाल्या, "जायचंय ना? जा की. अडवतंय कोण?" माझी सगळी उत्तरं वाया गेली. "पण काय गं, सांगलीत बायका विचारतील, विलायतेत काय पाहिलंस? तर काय सांगणार, हॉस्पिटलची लाँड्री? गाव बघितल्याशिवाय गाव सोडू नये. बुधवारी यांची सर्जरी, म्हणजे दवाखाना, हाफ-डे असते, गाडी मोकळी असते. किल्ला बघून घे आणि मग खुशाल जा."

बुधवारी आम्ही किल्ला पाहिला. पन्हाळा पायाखाली घातलेल्या मुलीला तो किल्ला म्हणजे चेष्टाच वाटली. बसस्टॉपच्या मागेच तर होता. चार पडक्या भिंती, गवत, एक गोल बुरूज आणि हिरवट पडलेली एक तोफ. "वहिनी, अहो, याला चढणच नाही," मी म्हटलं. "चढण नाही म्हणून तर साडी नेसून येता येतं," त्या म्हणाल्या. बुरुजाच्या दाराला कुलूप होतं. वारा फार म्हणून हिवाळ्यात वर सोडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग बाकावर बसून त्यांनी बटाट्याच्या जाड तळलेल्या चिप्सचा कागद उलगडला आणि कोटाच्या खिशातून फोटोच्या रोलची काळी डबी काढली. तिच्यात शेंगदाण्याची चटणी होती. व्हिनेगरने भिजलेल्या गरम चिप्सवर ती चटणी पडली आणि कितीतरी दिवसांनी मी पोटभर खाल्लं. खाताना रडलेही. त्यांनी तिकडे अजिबात लक्ष दिलं नाही. घरी सोडताना मात्र म्हणाल्या, "अगं, एक ठिकाण राहिलंय. म्युझियम. पुढच्या बुधवारी उरकून टाकू."

म्युझियम म्हणजे लायब्ररीच्या वरच्या दोन खोल्या. त्यातली एक बघायलाच वहिनींनी अख्खी दुपार लावली. खाणकामगाराचा पत्र्याचा डबा होता, त्याच्यासमोर त्या हलेचनात. "बघ, डबा बांधून देणारी एक बायको इथंही होती." तेवढ्यात बंद व्हायची वेळ झाली. दुसरी खोली राहिली, म्हणजे आणखी एक बुधवार. मग पार्कातला बँडस्टँड. मग तळं. तिथल्या हंसाच्या आकाराच्या होड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या, तर वहिनी म्हणाल्या, "हंस झोपलेत, मार्चात उठतात. ते बघून जा." मग गावाबाहेरची छोटी वाफेची गाडी. रिटायर झालेली माणसं हौसेने ती चालवायची आणि अर्थातच ती ईस्टरला सुरू व्हायची. "आता एवढी थांबलीस तर गाडी बघूनच जा!"

एका दुपारी उरकलं असतं एवढं आमचं गाव. वहिनींनी ते मला ईस्टरपर्यंत पुरवून पुरवून दाखवलं. मधल्या काळात लायब्ररीतल्या बाईंनी मला आठवड्यातून दोन सकाळी पुस्तकं लावायला बोलावलं होतं. चिप्सवाली मला बघितलं की "द यूझुअल, लव्ह?" म्हणायची. ईस्टरला आम्ही त्या गाडीत बसलो. दोन्ही बाजूंना मेंढ्या, कोवळी कोकरं आणि डोळ्यांत जाणारी कोळशाची राख. वहिनींनी सहज विचारलं, "मग, तिकीट कधीचं काढायचं?" मी म्हटलं, "कसलं तिकीट?" त्या इतक्या हसल्या की समोरची म्हातारी आमच्याकडे वळून बघायला लागली. मला खरंच कळलं नाही की यात हसण्यासारखं काय आहे. कळलं ते घरी आल्यावर, कपाटावरची रिकामी बॅग दिसली तेव्हा.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यांनी आणखी एक उद्योग केला. घरात शस्त्र म्हणावं तर डॉक्टरांची कात्री आणि स्वयंपाकघरातली सुरी. "गावात चांगली तोफ असताना सुरीची कसली पूजा करायची?" असं म्हणून आम्ही दोघी किल्ल्यावर गेलो. तोफेला हळदकुंकू वाहिलं, वहिनींच्या बागेतले झेंडू वाहिले, साखर ठेवली आणि घरी आलो. पुढच्या बुधवारी तोफेशेजारी पाटी, तोफेला रंग फासू नये! किल्ल्याचे राखणदार प्रिचर्ड यांनी दोन दिवस ब्रशने घासून कुंकू काढलं होतं म्हणे. वहिनी तडक त्यांच्या तिकिटाच्या खोपटात शिरल्या. "मिस्टर प्रिचर्ड, दॅट इज नॉट पेंट. दॅट इज रिस्पेक्ट." प्रिचर्ड मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांचे आजोबा पलटणीत तोफखान्यावर होते, हे त्यांनी हळूच सांगितलं. पाटी निघाली. पुढे दरवर्षी सप्टेंबर लागला की ते विचारायचे, "मिसेस जी, गन डे यंदा कधी?" दर साली तारीख बदलते कशी, हे कोडं काही त्यांना सुटेना. वहिनी म्हणाल्या, "अँड युअर ईस्टर? डझ इट सिट स्टिल?" तेव्हापासून त्यांनी शंका काढली नाही.

वर्षं गेली. आमची मुलं त्याच तळ्यावर हंसात बसून मोठी झाली. डॉक्टर गेले, सुनील रीडिंगला गेला. आईने आपल्याकडे यावं म्हणून त्याने फार विनवलं, पण त्या हलल्या नाहीत. माझ्यानंतर या हॉस्पिटलात आलेल्या कितीतरी नवख्या मुलींना त्यांनी असंच बुधवार-बुधवार करून गाव दाखवलं. आम्हाला मात्र त्यांनी एकदाही बुरुजावर नेलं नाही. "तो पुढच्या वेळी," असं म्हणायच्या. गुडघे दुखत असतील, असं मी धरून चालले होते.

या हिवाळ्यात त्या कार्डिफच्या हॉस्पिटलात होत्या. मी दर बुधवारी जायचे. शेवटून दुसऱ्या बुधवारी डोळे मिटूनच म्हणाल्या, "पुरे झालं गं आता. निघू दे मला." माझ्या तोंडातून भलतंच निघालं. "निघा की. अडवतंय कोण? पण वहिनी, एक ठिकाण राहिलंय. बुरूज. ईस्टरला उघडतो." त्या हसल्या. ठसका लागेपर्यंत हसल्या. "माझीच विद्या माझ्यावर?" मग पाणी पिऊन म्हणाल्या, "तुला वर का नाही नेलं, सांगू? मी पण कधी चढले नाही. मी आले तेव्हा मलाही रोज परत जायचं असायचं. मला दाखवायला कोण होतं? मीच मला सांगायचे, लीला, एवढं बघ आणि जा, तेवढं बघ आणि जा... शेवटी बुरूज तेवढा उरला. म्हटलं, हा ठेवावा. सगळं बघून झालं की माणूस निघतो." मी त्यांचा हात धरून बसले. मला त्यांना सांगायचं होतं की माझं घर, माझा संसार, माझी मुलं, सगळं तुमच्या त्या बुधवारांवर उभं आहे. थोडंफार सांगितलंही, रडत रडत. "कळलं हो," त्या म्हणाल्या. मग नर्स जेवणाचा ट्रे घेऊन आली.

ईस्टरनंतरच्या बुधवारी मी किल्ल्यावर गेले. सुनीलने आईचा तो डॉक्टरांचा जुना कोट मला दिला होता, तोच घातला होता. खिशात ती काळी डबी होती, मी तिच्यात ताजी चटणी भरली होती. प्रिचर्ड आता थकलेत, तरी तिकिटाच्या खोपटात बसतात. मला बघून त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "यंदा गन डे कधी असतो, हे आता मी कुणाला विचारू?" "मला विचारा," मी म्हटलं. मग त्यांनी बुरुजाकडे बोट केलं. दार उघडं होतं. हवा स्वच्छ आहे, वरून थेट समुद्र दिसेल, तुमच्याकडून पैसे नकोत, असं म्हणाले.

मी पहिल्या पायरीपर्यंत गेले. आत गार होतं, वरून उजेड येत होता. भिंतीवर हात ठेवला आणि मागे वळले.

"नॉट गोइंग अप, लव्ह?"

"नेक्स्ट टाइम," मी म्हटलं.

प्रिचर्डनी मान हलवली. "दॅट्स व्हॉट शी ऑलवेज सेड," ते म्हणाले.

मी आमच्या बाकावर जाऊन बसले, चिप्सचा कागद उलगडला आणि खिशातून डबी काढली.