पाठमोरं पोस्टर

वनमाला गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत सातवीच्या वह्या तपासत होते. फोन रुक्मिणबाईंचा होता. लातूरला वनमालाच्या दवाखान्यात त्या अठरा वर्षं केसपेपर काढत होत्या. "ताई, डॉक्टरबाई गेल्या. सकाळी खुर्चीवर बसल्या अन् मान टाकली," एवढंच त्या बोलल्या. मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलली होती का?" जिवाभावाच्या मैत्रिणीच्या मृत्यूची बातमी ऐकून पहिला प्रश्न हा विचारणारी मी बाई आहे. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा. रुक्मिणबाई म्हणाल्या, "न्हाई ओ ताई... पेशंट बसले होते समोर."

आम्ही आठ महिने बोललो नव्हतो. त्याचं कारण सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे. तिचे गुण गायला शोकसभेत बरेच लोक होते.

आमची ओळख अकरावीतली, लातूरच्या वसतिगृहातली. एका खोलीत दोन कॉट, मध्ये एक टेबल, त्यावर दोघींची पुस्तकं. ती देवणीची, वडील शाळेत शिपाई. वनमाला रंगाने काळी होती. सावळी नव्हे. 'सावळी' हा आपण चारचौघांत वापरायचा शब्द आहे आणि तिला तो मुळीच आवडायचा नाही. दर रविवारी तिची आई एसटीने यायची आणि हळद, साय, बेसन कालवलेला स्टीलचा डबा माझ्या हातात द्यायची. वनमालावर तिचा भरवसा नव्हता. "तू चोळत जा गं बाय, ती लई आळशी हाय," असं बजावून जायची. मीही इमानेइतबारे चोळायचे. गालाची आग व्हायची तेव्हा ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायची, "झालं का समाधान तुझं?" मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी गोरी होते, मैत्रिणीला मदत करत होते.

ती डॉक्टर झाली आणि महिनाभरात उदगीरकडचे पाहुणे तिला बघायला आले. तिला तयार करायला मी देवणीला गेले होते. पावडर मीच लावली, आणि हात राखून लावली नाही. चहा झाला, प्रश्न झाले, आणि मुलाच्या आत्याने रुमालाचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून वनमालाचा गाल पुसला. मग रुमाल उजेडाकडे धरून बघितला. "पावडर हाय," ती शेजारच्या बाईला म्हणाली, भाजीवाल्याने वांगं किडकं दिलं असं सांगावं तितक्या सहज. वनमाला उठली, आत जाऊन साबणाने तोंड धुऊन आली आणि ओल्या चेहऱ्याने परत समोर बसली. "आता बघा," म्हणाली. पाहुणे नंतर कळवतो म्हणून गेले. तिची आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पावडर कमी पडली म्हणून.

पुढे तिने त्वचारोगात शिक्षण घेतलं. लग्न केलं नाही. शोकसभेत एकाने तो रुमालाचा प्रसंग फार रंगवून सांगितला, अपमानातून प्रेरणा वगैरे. मी तिला एकदा याबद्दल विचारलं होतं. "कसली प्रेरणा? राग आला होता, म्हणून घेतलं," ती म्हणाली होती. हा राग तिने जन्मभर पुरवला. पेशंटवर ती अशी खेकसायची की बाहेर बाकावर बसलेले लोक मेडिकलमधून परस्पर आणलेली ट्यूब पिशवीत खाली सरकवून ठेवायचे. "मावशी, दिवसातून किती वेळा साबण लावून राहिलात? बोअरचं पाणी, त्यात साबण, मग खाज सुटंल न्हाई तर काय!" तरी लोक जायचे, कारण तिचा गुण यायचा. काही जण मात्र दारातूनच परत फिरायचे. एक बाई तर तिच्या देखत नवऱ्याला म्हणाली, "हीच एवढी काळी, ही मला काय गोरी करती?" वनमालाने रुक्मिणबाईंना हाक मारून पुढचा पेशंट घ्यायला सांगितलं.

औषध कंपन्यांची माणसं तिला पोस्टरं आणून द्यायची. प्रत्येकावर दुधासारखी गोरी, दात दाखवणारी एक मुलगी. त्यातलं सर्वांत मोठं पोस्टर तिने खुर्चीमागच्या भिंतीवर लावलं होतं, पण उलटं. मुलीचं तोंड भिंतीकडे आणि कोरी बाजू आपल्याकडे. कोऱ्या बाजूवर निळ्या मार्करने तिच्या किरट्या अक्षरात लिहिलेलं होतं. कोमट पाण्याने आंघोळ करा, घासू नका. अंग ओलसर आहे तोवरच तेल किंवा मलम लावा. चेहऱ्याला लिंबू, सोडा, टूथपेस्ट लावू नका. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, नसेल तर छत्री घ्या, छत्रीची लाज वाटत असेल तर पदर घ्या. नायटा झाला तर टॉवेल वेगळा ठेवा आणि घट्ट जीन्स सोडा. मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब घेऊ नका, तो डॉक्टर नाही. हे शेवटचं वाक्य तिने दोनदा अधोरेखित केलं होतं. मी दर दिवाळीत दवाखान्यात जायचे आणि तिची थट्टा करायचे, "काय गं, ती पोरगी भिंतीकडे तोंड करून किती वर्षं शिक्षा भोगणार?"

तर, हे सगळं पाठ असलेल्या माझ्या घरात माझी मुलगी प्राची चोवीस वर्षांची झाली. तिने रंग वडिलांचा घेतला. स्थळं येऊ लागली, फोटो बघून गप्प होऊ लागली. पार्लरवालीने एका ट्यूबचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं आणि मी ती गल्लीतल्या मेडिकलमधून आणली. पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळला. मी खूश. चार महिन्यांत प्राचीची कातडी पातळ होऊन लाल दिसायला लागली, गालावर फोड आले, हनुवटीवर लव आली. उन्हात गेली की आग व्हायची. तेव्हा मी तिला लातूरला वनमालाकडे घेऊन गेले.

वनमालाने भिंग लावून बघितलं आणि मला विचारलं, "काय लावत होती?"

"काही नाही. हळद, बेसन," मी म्हणाले.

तिने भिंग खाली ठेवलं. "प्राची, तू सांग बेटा." प्राचीने ट्यूबचं नाव सांगितलं, आणि कोणी आणून दिली तेही सांगितलं.

मी वाट बघत होते. मेडिकलवाल्यावर, पार्लरवालीवर, माझ्या मास्तरकीवर, सगळ्यांवर आता ती तुटून पडणार. अख्ख्या लातूरने तिची बोलणी खाल्ली होती. ती फक्त प्राचीशी हळू आवाजात बोलली. ही स्टेरॉइडची ट्यूब आहे, सोडल्यावर आधी चेहरा जास्त बिघडेल, घाबरू नकोस, मग हळूहळू सुधारेल, मला रोज फोन कर. माझ्याकडे तिने बघितलं नाही. आम्ही निघालो तेव्हा दाराशी म्हणाली, "एका खोलीत दोन वर्षं काढलीस गं माझ्यासंगं..." आणि आत वळली. त्यानंतर प्राची तिला रोज फोन करायची. मी शेजारी बसून ऐकायचे आणि फोन मागून घ्यायचे नाही. 'मी चुकले गं' एवढे तीन शब्द पुरले असते, पण आठ महिन्यांत मला ते जमले नाहीत.

आता फोटोचं सांगते. शोकसभेच्या फ्लेक्ससाठी तिच्या भावाने माझ्याकडून फोटो मागवला, कारण तिचा धड फोटो माझ्याकडेच होता. मी तो घेऊन स्टुडिओत गेले. कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाने सवयीने विचारलं, "मॅडम, थोडं ब्राइट करू का? फ्लेक्सवर डार्क येतंय." आणि मी सवयीनेच म्हणाले, "करा." माझ्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एक गोरीपान बाई हार घालून उभी होती. कोणालाच त्यात खटकलं नाही. मुरुडहून आलेल्या एका म्हाताऱ्या पेशंटने मात्र चष्मा पुसून पुसून बघितलं आणि मलाच विचारलं, "ही कोण हाय? आमच्या बाईचा फोटू कुठं हाय?" मी तिला हात धरून आत नेऊन बसवलं. खरं तेव्हाही सांगितलं नाही. आता तोच फोटो फ्रेम होऊन भावाच्या बैठकीत लागला आहे. दुसरा करून देते म्हणाले तर भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई, छान आलाय."

गेल्या आठवड्यात दवाखाना रिकामा करायचा होता, म्हणून रुक्मिणबाईंनी मला बोलावलं. भिंतीवर पोस्टर तसंच होतं. काढायला गेले तर खाली, अधोरेखित ओळीच्याही खाली, हिरव्या शाईत आणखी एक ओळ दिसली. आधी ती कधी नव्हती. 'घरच्यांनी ट्यूब लावली असेल तर खरं सांगा. मी रागावणार नाही.'

"ही कधी लिहिली?" मी विचारलं.

"तुम्ही पोरीला घेऊन आल्ता ना," रुक्मिणबाई खोक्यात भिंगं भरत म्हणाल्या, "त्याच्या दुसऱ्या दिवशी."

पोस्टर आता माझ्या घरी आहे, बेसिनशेजारी, तसंच उलटं लावलेलं. प्राची तोंड धुताना ते वाचते. तिचा चेहरा बराच सुधारला आहे, गालावर थोडी लाली राहिली आहे, ती कदाचित राहीलच. मी दात घासताना रोज शेवटच्या ओळीपाशी थांबते. सगळ्या जगावर रागावलीस वनू... मला तेवढं सोडायला नको होतंस.