रोज जमेल का? सिल्लोड ते संभाजीनगर

माझी लेक सना बारावी झाली आणि म्हणाली, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं, तेही संभाजीनगरातच. तिचे अब्बू म्हणाले, "शिकू दे की. पण हॉस्टेल नको. रोज ये-जा करू दे." खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. एकुलती एक पोर, संध्याकाळी घरात नसेल ही कल्पनाच सोसवत नव्हती. म्हटलं, आधी एक दिवस जाऊन तर बघू.

सोमवारी भल्या सकाळी आम्ही दोघी एसटीत बसलो. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची चिंता नाही. फुलंब्रीपर्यंत गाडी बरी पळाली, शहराजवळ मात्र ट्रकांच्या मागं रखडली. बसस्थानकावरून रिक्षा करून कॉलेजात पोहोचलो, तोवर पहिला तास संपला होता.

आवारात खानदेशातली, विदर्भाच्या शिवेवरची पोरं भेटली. माझ्या सासऱ्यांच्या पिढीला मोठ्या शिक्षणासाठी हैदराबाद गाठावं लागे. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं नि हळूहळू कॉलेजं इथंच वाढत गेली. आता चार जिल्ह्यांची मुलं इकडं येतात. तुम्ही चौकशीला जाणार असाल तर जेवणाच्या सुट्टीआधी जा. आम्ही पोरांशी बोलत राहिलो, कार्यालयात उशिरा गेलो नि ताटकळलो. तेवढ्यात शहागंजला जाऊन नान-खलिया खाऊन आलो, ते बरं झालं.

दुपारी विभागाच्या मॅडमनी आम्हाला प्रयोगशाळा बघू दिली. सनानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि हलेचना. "अम्मी, बघ ना, जिवंत आहेत!" शेजारच्या टेबलावरची वैष्णवी नावाची मुलगी मात्र हातातलं काम टाकून दप्तर भरत होती.

"संपलं का गं?" मी विचारलं.

"नाय काकू. पैठणची गाडी गाठायचीय. उरलेलं मैत्रिणीचं बघून उतरवते."

"रोज असंच?"

"व्हय. सकाळचा तास बुडतो, दुपारचं प्रॅक्टिकल अर्धं राहतं. लई आवडतो हो मला विषय. पण घरी हॉस्टेलला नाय म्हणतात."

ती पळत गेली. मी सनाकडं बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं, पण पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं.

परतीच्या गाडीत फुलंब्रीपर्यंत उभंच राहावं लागलं. जागा मिळाल्यावर सना म्हणाली, "जमेल मला, अम्मी. खरंच." आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या खांद्यावर झोपून गेली. सिल्लोड आलं तरी उठेना. त्या वासरासारख्या दमलेल्या तोंडाकडं बघत मी ठरवून टाकलं.

घरी तिचे अब्बू ओट्यावर वाट बघत होते. "काय, जमतंय का?"

"जमतंय," सना म्हणाली.

"नाही जमत," मी म्हटलं. "जाईल ती, पण शिकणं अर्धं होईल. हिला हॉस्टेलला ठेवू या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. शेवटी म्हणाले, "मग शनिवारी घरी यायला कुठली गाडी पडते?"

सना त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मी चहा टाकायला आत गेले, आणि तिथं मला रडू फुटलं. निर्णय माझाच होता, नि तो बरोबर होता.